उतार खालून वर शिकायचा

तीव्र उतारावर लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, चालवायला शिकवताना माझा एकच नियम असतो, आणि शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्या तासाला तो जाचक वाटतो. जिथून सुटल्यावर ठरलेल्या जागी, दर वेळी, न धडपडता थांबता येतं, त्याच्या वर चढायचं नाही. सुरुवात पायथ्याशी करायची. वीसेक पावलं वर चालत जायचं, तेवढंच उतरायचं, थांबायचं. ते सहज व्हायला लागलं की आणखी वीस पावलं. एखादा उतार माथ्यापासून पायथ्यापर्यंत अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, कधी अख्खा हंगाम जातो. जाऊ दे.

या हट्टामागे साधा हिशोब आहे. १०% उतार म्हणजे दर १०० मीटर अंतरामागे १० मीटर खाली जाणारा रस्ता. घर्षण आणि हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर अशा रस्त्यावर तुमचा वेग दर सेकंदाला ताशी साडेतीन किलोमीटरने वाढतो. दहा सेकंदांत ताशी ३५ किलोमीटर, आणि तोवर तुम्ही जेमतेम ५० मीटर पुढे आलेले असता. प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरतो, पण चित्र हेच. वेग ताशी २० वरून ४० झाला की अंगातली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते, आणि ती सगळी बुटाच्या तळव्यातून किंवा चाकांच्या घासण्यातून बाहेर काढायची असते. नाहीतर ती तुमच्या कातडीतून निघते. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे ही तिसरी पद्धत मला जवळून माहीत आहे.

२०१७ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, लेझेबुलमाँच्या उतारावर पीटर कॉनोलीने बोर्डवर उभं राहून ताशी १४६.७३ किलोमीटरचा वेग गाठला. तो आकडा ऐकून हुरूप येणं स्वाभाविक आहे. मात्र आपल्याला आज ताशी २५ वरून शून्यावर यायचंय.

रस्ता पाहणे

उताराचा कोन डोळ्यांनी मोजू नका, डोळे फसवतात. फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप उघडा, बोर्ड उताराच्या दिशेने आडवा न ठेवता सरळ ठेवा, त्यावर फोन ठेवा. तीन अंश म्हणजे सुमारे ५% उतार, सहा अंश म्हणजे १०% च्या थोडा वर. पहिले अनेक दिवस तीन अंशांच्या आतच राहा. बोर्ड रस्त्यावर ठेवताना त्याच्यावर एक पाय असू दे. सुटलेला बोर्ड तुमच्याशिवाय पायथ्यापर्यंत जातो आणि वाटेत कुणाच्या तरी घोट्यावर किंवा दुचाकीच्या चाकाखाली थांबतो.

उतार कसा संपतो, हे तो किती तीव्र आहे यापेक्षा महत्त्वाचं. खाली लांब सपाटी असावी, किंवा रस्ता पुन्हा थोडा चढावा. खाली चौक, फाटक, बंद वळण किंवा भिंत असेल तर तो उतार कितीही गुळगुळीत असला तरी माझ्या लेखी बाद. दोन्ही कडांना काय आहे तेही बघा. गवत किंवा मऊ माती असेल तर चुकलेल्या माणसाला जागा मिळते. लोखंडी कठडा, उघडं गटार, विजेचा खांब यांच्यापाशी ती मिळत नाही.

मग तो रस्ता खालून वर चालत जायचा. गाडीतून किंवा सायकलवरून बघून भागत नाही, कारण बोर्डच्या चाकाचा व्यास ७० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याला जे अडतं ते मोटारीच्या चाकाला जाणवतही नाही. वळणाच्या आतल्या बाजूला साचलेली बारीक कच, डांबरातल्या भेगा बुजवण्यासाठी ओतलेले काळे गुळगुळीत पट्टे, रंगवलेल्या रेषा, गटाराची झाकणं, झाडाखालची ओल आणि शेवाळ. माझ्या पाठपिशवीत एक छोटा खराटा आणि खडू कायम असतो. कच झाडून टाकते, आणि जे झाडता येत नाही त्याच्या दहा मीटर आधी रस्त्याच्या कडेला खडूने मोठी खूण करते. थांबायची जागाही खडूनेच आखते. "साधारण त्या झाडापाशी" असं ठरवलं की माणूस झाडाच्या पुढे जाऊन थांबतो आणि जमलं असं समजतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने स्केटबोर्डला पॉलियुरेथेनची चाकं आणली. त्याआधीची कडक मातीची चाकं हरभऱ्याएवढ्या खड्यावरही जागीच अडकायची. पॉलियुरेथेन खड्यावरून निघून जातं, म्हणून तर आज उतार शक्य आहे. पण वळताना किंवा स्लाइड करताना, म्हणजे बोर्ड आडवा करून घसरवताना, चाकाखाली कच आली तर पकड तेव्हाही जायची, आताही जाते.

पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी उतार नाही. ओल्या रस्त्यावर बुटाचा तळवा घसरतो आणि चाकं अचानक सुटतात. सूर्य क्षितिजालगत असतानाही मी टाळते, कारण समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर ऊन असेल तर भडक कपडे घातलेला माणूसही त्याला दिसत नाही.

बोर्डबद्दल थोडंच

दुकानात आणि व्हिडिओंत यावर इतकं बोललं जातं की मी आवरतं घेते. डेक, म्हणजे उभं राहायची फळी, कडक हवा. पायाखाली लवचिकपणे झुलणारे डेक सपाटीवर मजा देतात, पण वेग आला की ते लवून उसळतात आणि तोल घालवतात. ट्रक, म्हणजे फळीखाली चाकं धरणारे धातूचे आधार, लाँगबोर्डचे असावेत, उलट्या किंगपिनचे, म्हणजे ज्यांचा मधला बोल्ट बाहेरच्या बाजूला असतो असे. चाकं ७० मिलिमीटरच्या आसपास, कडकपणाच्या मापात ७८ए ते ८०ए, म्हणजे मऊ. स्लाइड शिकताना कडा गोलसर असलेली घ्या, कारण चौकोनी धारदार कडा रस्ता घट्ट धरून ठेवतात. बेअरिंगवर छापलेला एबेक आकडा किती मोठा आहे याकडे दुर्लक्ष करा. तो मापातल्या अचूकपणाचा आकडा आहे, बोर्डवर पडणाऱ्या आडव्या दाबाशी त्याचा फारसा संबंध नाही. बेअरिंग एकाच मापाची येतात, आतलं भोक ८ आणि बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर. दोन बेअरिंगमधला स्पेसर, म्हणजे छोटी नळी, मात्र काढून फेकू नका, चाक सरळ फिरतं ते त्याच्यामुळे.

खरा फरक पडतो तो बुशिंगने. ट्रकमधले हे दोन रबरासारखे तुकडे तुमच्या वजनाला साजेसे हवेत. हलक्या माणसाला मऊ, जड माणसाला कडक. नव्या बोर्डात कंपनीने घातलेले बुशिंग कुणातरी सरासरी माणसासाठी असतात आणि तो माणूस बहुधा तुम्ही नसता. ट्रक घट्ट वाटावा म्हणून नट आवळत जाणं हा चुकीचा इलाज. बुशिंग चेपून जातं, बोर्ड वळत नाही, आणि ऐन वेळी वळला तर एकदम वळतो. बुशिंग बदला, आणि नट इतकाच आवळा की खालचा वॉशर हाताने जेमतेम फिरेनासा होईल.

पायाने ब्रेक

हे जमल्याशिवाय उतारावर यायचंच नाही. पुढचा पाय पुढच्या ट्रकच्या स्क्रूंच्या मागे, बोटं प्रवासाच्या दिशेने. पुढचा गुडघा वाकलेला, छाती त्या गुडघ्याच्या वर. शरीराचं सगळं वजन या एका पायावर आलं पाहिजे. मग मागचा पाय उचलून बोर्डच्या बाजूला, तळवा सपाट ठेवून रस्त्यावर आणायचा. आधी नुसता चाटून जाऊ द्यायचा, मग हळूहळू दाब वाढवायचा. नवीन माणूस टाच आधी टेकवतो आणि झटका बसून पुढे फेकला जातो. नाहीतर वजन मागच्या पायावर टाकतो आणि बोर्ड पुढे निसटतो.

अडचण बहुतेकदा धैर्याची नसते, मांडीच्या ताकदीची असते. पुढच्या पायावर एकट्याने अर्धी बैठक मारून सावकाश उठून बघा. पाच-सहात पाय थरथरायला लागला तर लांब उतारावर ब्रेक धरता येणार नाही, कारण तिथे हाच पाय अर्धा मिनिट वाकलेला राहतो. गुडघा आत पडत असेल तर आरशासमोर सराव करा. तो दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. बोर्डशिवाय दोन आठवडे हे केलेल्या माणसाचा ब्रेक लवकर बसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

बूट सपाट रबरी तळव्याचे. तळवे झिजतात, लवकर झिजतात. काही जण जुन्या टायरचा तुकडा चिकटवतात, तो चांगला टिकतो. ताशी ३० च्या पलीकडे पायाच्या ब्रेकवर विसंबू नये, तोल आणि तळवा दोन्ही साथ सोडतात. त्याच्या वर छाती ताठ करून, हात पसरून हवेचा ब्रेक घेता येतो. त्याने वेग थोडा उतरतो, पण थांबायला होत नाही.

हात टेकवून स्लाइड

वेग उतरवायचं खरं साधन हे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या टेकड्यांवर क्लिफ कोलमनने बसवलेली स्लाइड आजही त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि मी सगळ्यांना आधी तीच शिकवते. बोर्ड रस्त्याला आडवा करायचा, चाकं घासत जाऊ द्यायची, वेग उतरला की पुन्हा सरळ व्हायचं. यासाठी स्लाइडचे ग्लोव्ह लागतात, ज्यांच्या तळहातावर प्लॅस्टिकची जाड चकती असते. पक म्हणतात तिला. घरगुती पकही चालतो, पण शिवण आणि चिकटवण भक्कम असायला हवी.

पुढे डावा पाय ठेवणाऱ्यांसाठी सांगते, उजव्यांनी उलटं करावं. आधी उभं राहूनच, बोर्ड गवतावर ठेवून, खाली बसायचा सराव करा. गुडघे पूर्ण वाकलेले, मागचा गुडघा आत, पुढच्या पायाच्या दिशेने झुकलेला. बसल्यावर डावा पक टाचांच्या बाजूला जमिनीला सहज टेकला पाहिजे. तो पोचत नसेल तर कमरेत वाकू नका, आणखी खाली बसा.

आता सौम्य उतारावर ताशी २० ते २५ वेग येऊ द्या. आधी बोटांच्या बाजूला किंचित वळा, जणू जागा घेतल्यासारखं. मग खाली बसत टाचांच्या बाजूला वळा, डावा हात टेकवा, आणि उजवा हात डोक्यावरून वळणाच्या दिशेने न्या. खांदे फिरले की कंबर फिरते, कंबर फिरली की बोर्ड फिरतो. बोर्ड पायाने ढकलायला जाल तर तो तुमच्याखालून निघून जाईल. वजन पायांवरच असू दे, हातावर नको. हात फक्त टेकू. चाकं सुटली की खरखर आवाज येतो, तेव्हा घाबरून उठू नका. बाहेर पडायचं असेल तेव्हा नजर उताराकडे वळवा आणि उजवा हात मागे आणा, बोर्ड आपोआप सरळ येतो.

बहुतेक जण भीतीने खूप हळू जाऊन स्लाइड करतात, आणि तिथेच पडतात. वेग पुरेसा नसला की चाकं घसरत नाहीत, रस्ता पकडतात, आणि माणूस उताराच्या दिशेने उपडा फेकला जातो. अर्धवट वळवलेल्या बोर्डचंही तेच. आडवा करायचा तर पूर्ण आडवा. आणि हे सगळं माथ्यावर नाही, खालच्या वीस पावलांत शिकायचं.

बोर्ड थरथरायला लागला तर

वेगात बोर्ड अचानक डावी-उजवीकडे वळवळायला लागतो, दर क्षणाला जास्तच. मागचा ट्रक स्वतःहून दिशा देऊ लागतो, घोटे त्याला विरोध करतात, विरोधाने वळवळ वाढते. माणूस ताठ होतो आणि वजन मागे टाकतो. या दोन्ही गोष्टींनी ती आणखी वाढते. करायचं याच्या नेमकं उलट: वजन पुढच्या पायावर, गुडघे वाकवून खाली, घोटे सैल. जागा असेल तर हलकं वळण घ्या, कारण झुकलेला बोर्ड सरळ बोर्डपेक्षा कमी थरथरतो. स्लाइड येत असेल तर ती करा. उडी मारू नका. ताशी ४० वेगाने धावू शकणारे पाय या पृथ्वीवर फार थोड्यांना आहेत, आणि त्यांनाही आधी धावत वेग घ्यावा लागतो.

हे होऊ नये म्हणून सुरुवातीपासून साठ-सत्तर टक्के वजन पुढच्या पायावर ठेवायची सवय लावा. मागचं बुशिंग पुढच्यापेक्षा किंचित कडक ठेवलं तरी फरक पडतो.

वळणं आणि वाहनं

ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वेग उतरवून आत शिरा. वळणाची रेषा बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी घेतात, पण ती तुमच्या लेनच्या आत बसली पाहिजे. मधली रेषा ओलांडावी लागत असेल तर तुमचा वेग त्या वळणासाठी जास्त आहे, यावर मी वाद घालत नाही. समोरून वाहन येणार नाही असं गृहीत धरून घेतलेलं वळण एक दिवस वाहनाशी गाठ घालून देतं.

ज्या वळणापलीकडचं दिसत नाही तिथे माणूस उभा हवा. त्याला स्पॉटर म्हणतात. तो स्वतः रस्त्याच्या बाहेर सुरक्षित उभा राहील आणि त्याला दोन्ही बाजूंचं दिसेल, अशी जागा शोधा. खुणा आधी ठरवून, एकदा करून बघा: डोक्यावर हातांची फुली म्हणजे थांब, एक हात सरळ वर म्हणजे मोकळं. काहीच खूण दिसली नाही तर अर्थ थांब असाच घ्यायचा. ओरडण्यावर विसंबू नका, वाऱ्यात ऐकू येत नाही. कानात गाणी तर नकोतच. दोघे एकामागे एक उतरत असाल तर पुढचा पडल्यावर मागच्याला थांबता येईल इतकं अंतर ठेवा. ताशी ३६ वेगाला एका सेकंदात १० मीटर जातात, आणि तेवढा वेळ नुसतं काय झालं हे कळायलाच लागतो.

सार्वजनिक रस्त्यावर बोर्डला परवानगी आहे का, हे स्थानिक नियमांत बघून घ्या. जिथे नाही तिथे नाही. आणि एकट्याने कधीच नाही. निदान एक माणूस खाली, फोन चार्ज केलेला, आणि कुठला उतार आहे हे घरी माहीत असलेलं.

अंगावर काय

हेल्मेट ईएन १०७८, सीपीएससी किंवा एएसटीएम एफ१४९२ यांपैकी एखाद्या मानकाचं असावं. ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठभागावर साधारण दीड मीटरवरून आपटतात, सीपीएससीच्या चाचणीत दोन मीटरवरून, म्हणजे उभ्या माणसाचं डोकं जमिनीपर्यंत येईल इतक्या उंचीवरून. आतला कडक पांढरा फोम एकदाच चेपायसाठी असतो. जोरात आपटल्यावर बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. ताशी ४० च्या पुढे जायचं असेल तर हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घाला. गुडघ्यांचे पॅड कडक टोपीचे हवेत, त्यांच्यावर घसरता आलं पाहिजे. कोपरांचेही. जाड लांब पँट असू द्या. मनगटाचे आधार हातमोज्यांखाली मावत असतील तर उत्तम.

पडल्यावर

पडणं टळत नसेल तर खाली बसा, गुडघ्यांवर आणि पकवर घसरत जा, आणि थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. उघडा तळहात पुढे करून सरळ कोपराने पडणं सगळ्यात वाईट. अशा पडण्यात अंगठ्याच्या बुडाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं लहान हाड मोडतं. याचा पहिला एक्स-रे कधीकधी साफ येतो. अंगठा ताणल्यावर मनगटापाशी जी खळी दिसते तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, मनगट बांधून ठेवा आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा दाखवा. या हाडाला रक्तपुरवठा तोकडा असतो, दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मग मनगट आयुष्यभर कुरकुरतं.

खरचटलेल्या जागेवर भरपूर स्वच्छ पाणी ओता. आत अडकलेली बारीक खडी निघालीच पाहिजे, राहिली तर कातडीखाली काळे डाग कायमचे राहतात. वर न चिकटणारी ड्रेसिंग लावा. जखम कोरडी पडून खपली धरू द्यायची सवय आहे, पण किंचित ओलसर झाकलेली जखम लवकर भरते. जखम मातीने भरलेली असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टरांना विचारा. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून थांबवा, दर मिनिटाला उचलून बघू नका.

डोकं आपटलं असेल तर त्या दिवशीचं बोर्डिंग संपलं, माणूस "मी ठीक आहे" म्हणत असला तरी. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, गोंधळलेलं बोलणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, झोपेतून नीट न उठणं, एका हातापायात अशक्तपणा, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, स्वतः गाडी चालवत घरी जाऊ देऊ नका. मानेत दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याला हलवू नका आणि श्वास अडत नसेल तर हेल्मेटही काढू नका. एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसावं, दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी, तिसऱ्याने वर जाऊन वाहनं थांबवावीत. म्हणून मी तिघांपेक्षा कमी असताना मोठ्या उतारावर जात नाही.